एका पगाराला एक पाकीट

आमच्या घरात खर्चाचा हिशेब भिंतीवर टांगलेला असे. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, विजेच्या मीटरखाली, कोऱ्या कापडाची एक उभी पट्टी होती आणि तिला सात खिसे शिवलेले होते. कापड बाबांच्या कारखान्यातलं. रंगाला जाण्याआधीचं, पिवळसर, हाताला थोडं खरखरीत. डाग पडलेले तुकडे मालक कारागिरांना देऊन टाकी. आईला वाचता येत नाही, म्हणून तिने प्रत्येक खिशावर लाल दोऱ्याने खूण भरली होती. भाड्याच्या खिशावर कौल, किराण्याच्या खिशावर माप, विजेच्या खिशावर दिवा, गॅसच्या खिशावर बाटला, माझ्या शाळेच्या खिशावर पाटी. सहाव्या खिशावर तीन गोल टिकल्या होत्या, तो औषधांचा. सातव्यावर काहीच नव्हतं. तो कशासाठी, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, "ज्याचं काय ठरल्यालं न्हाय, त्याच्यासाठी."

बाबांनी चाळीस वर्षं लूमवर काम केलं. भिवंडीत लूमचा पगार महिन्याला होत नाही, पंधरा दिवसांनी होतो. पंधरवड्यात जेवढं कापड उतरलं त्याचे पैसे, त्यातून खराब निघालेल्या कापडाचे, म्हणजे 'डॅमेज'चे, कापून उरतील ते हातात. त्यामुळे महिना आमच्या घरात फक्त कॅलेंडरवर होता. आई सगळं पगारात मोजायची. तेलाची पिशवी एक पगार. गॅसचा बाटला तीन पगार पुरलाच पाहिजे, म्हणून बाटला बसवला की त्याच्यावर खडूने रेघ ओढायची आणि पगाराला एकेक रेघ वाढवायची. मामाकडे जाऊन आठ पगार झाले. माझी परीक्षा चार पगारांवर आली. शाळेत बाईंनी एकदा मला वर्षाचे महिने किती असं विचारलं होतं आणि मी चोवीस म्हणाले होते.

पगाराच्या दिवशी बाबा घरी आले की आधी अंघोळ करत, केसांतला आणि कानांतला कापूस काढत आणि मग पैसे आईच्या हातावर ठेवत.

"डॅमेज किती कापलं?" आई विचारी.

"तू मालकाची मेहुणी हायस काय, एवढा हिशोब घ्यायला?"

"मेहुणी असते तं कापू दिलं असतं काय?"

हे बोलणं दर पंधरा दिवसांनी व्हायचं, थोड्याफार फरकाने, आणि मग आई पैसे खिशांत घालायची. नियम एकच होता. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात जायचे नाहीत. किराण्याचा खिसा लवकर रिकामा झाला तर उरलेले दिवस भात आणि सुकट. मे महिन्यात आई बोंबील, सुकट आणि सोडे डब्यांत भरून ठेवी ते त्यासाठीच. भाड्याच्या खिशाकडे बघायचंसुद्धा नाही. टेमघरच्या आमच्या दोन खोल्यांचं भाडं तीस वर्षांत एकदाही चुकलं नाही.

आईला रक्तदाबाचा त्रास निघाला त्याला आता तेरा वर्षं होतील. डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी सांगितली, जन्मभर. गोळ्यांचं पाकीट पंधराचं होतं. आईला याचं फार कौतुक वाटलं. "लूमवाल्यांसाठीच बनवलीय कंपनीनं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पगार आला की टिकल्यांच्या खिशातले पैसे घेऊन ती दुकानात जायची आणि एक पाकीट आणायची. पाकीट संपेपर्यंत पुढचा पगार यायचा. एका पगाराला एक पाकीट. अकरा वर्षं हे असं चाललं. त्याकडे लक्ष द्यावं लागलं नाही, आणि मी ते दिलंही नाही.

मग बाबा गेले.

त्यांच्या फुप्फुसांत काय झालं होतं, ते दवाखान्यात कसे होते, याबद्दल मी अजून लिहू शकत नाही. दोनदा लिहायला बसले आणि उठले. एवढंच लिहिते की चाळीस दिवस लागले, आणि त्या चाळीस दिवसांत सातवा खिसा, माझी बँकेतली ठेव आणि आईच्या पाटल्या संपल्या. दाखल करताना खिडकीतल्या माणसाने आधी अनामत भरायला सांगितली होती. रक्कम ऐकल्यावर मी त्याला पुन्हा विचारलं. बाबा मागे चाकाच्या खुर्चीत होते. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी हळू विचारलं, आणि तो मोठ्याने म्हणाला.

बाबा गेल्यावर मला दुःख लगेच झालं नाही. आधी भीती आली.

कशाची भीती हे मला तेव्हाही नीट माहीत होतं. आईची. आईला काही झालं आणि मी पुन्हा त्या खिडकीपुढे उभी राहिले, तर या वेळी माझ्याकडे काही नव्हतं. घरात आता एकच पगार होता, माझा. मी मराठीत एम.ए. केलं आहे आणि वळ गावाच्या एका गोडाऊनमध्ये ऑफिसात बसते. कुठली गाडी आली, किती खोकी उतरली, किती गेली, हे कॉम्प्युटरवर भरते. पगार महिन्याच्या सात तारखेला बँकेत जमा होतो. पूर्वी तो जवळजवळ शिल्लकच पडायचा. घर बाबांच्या पगारावर चाले आणि मी पुस्तकं घ्यायची. आता गोडाऊनला जाताना शेअर रिक्षात पुस्तक उघडलं तरी दोन ओळींवर मन पुढे जात नसे. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी बेरजा करायची. घरी फ्रिज सुरू झाल्याचा आवाज आला की माझी नजर मीटरकडे जाई. मीटरचा लाल दिवा लुकलुके आणि मला वाटे, तो आईच्या वाट्याचंच काहीतरी मोजतो आहे.

म्हणून मी ठरवलं की दवाखान्यात मागितली होती तेवढी अनामत जमवून ठेवायची. ती आईसाठी होती. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच्याच नावाने झालं.

मी एक वही आणली. महिन्याचं पान, उभ्या रेघा, आडव्या रेघा. जे जे सुचलं ते केलं, आणि त्यातलं बरंचसं खरोखर उपयोगाचं होतं, हे नाकारत नाही. किराणा सुटा घेणं बंद करून महिन्याचा एकदम घाऊक दुकानातून भरला. भाजी संध्याकाळी बाजार उठताना आणायची. डाळ शिजवण्याआधी दोन तास भिजत घालायची, गॅस कमी लागतो. तुरीत मसूर मिसळायची. घरापासून नाक्यापर्यंत रिक्षा नाही, चालत. फोनचा रिचार्ज वर्षाचा एकदम. हप्त्याने काही घ्यायचं नाही. काही घ्यावंसं वाटलं तर वहीत लिहून आठवडाभर थांबायचं, आणि आठवड्याने बहुतेक वेळा ते नकोसं होई. पगार झाला की खर्चाच्या आधी बचतीची रक्कम दुसऱ्या खात्यात टाकायची. दोन-तीन महिन्यांत फरक दिसू लागला. पण भीती कमी झाली नाही. शिल्लक वाढली तसं ती कमी पडेल असं जास्तच वाटू लागलं.

भिंतीवरची पट्टी मी काढली. काढताना वाटलं होतं की पंधरवड्याचा पगार आता येणार नाही, रिकामे खिसे बघून आईला रोज तेच आठवेल. धुऊन, घडी घालून पेटीत ठेवली. आई खाटेवर बसून बघत होती.

"मग पैसे कुठं ठेवायचे?"

"वहीत लिहायचे, आई. पैसे बँकेत. सात तारखेला महिन्याचे लागतील तेवढे तुला देईन. खर्च झाला की मला सांगायचं, मी मांडीन."

"म्हंजे पगार एकच झाला."

"हो, महिन्याला एकच."

तिने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं." मला ते बोलणं तेव्हा साधं वाटलं.

औषधांसाठी मी तिला नाक्यापलीकडचं स्वस्त औषधांचं दुकान दाखवलं होतं. तीच गोळी, वेगळ्या नावाची, कमी किमतीत मिळते, हे मी वाचलं होतं. पहिल्या महिन्याच्या शेवटी मी वही घेऊन बसले आणि आईने सांगितलेली औषधाची रक्कम लिहिली, तेव्हा ती आधीच्या निम्मी होती. मला इतका आनंद झाला की मी हिरव्या पेनाने तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. ते पान अजून आहे.

आमच्या वर राहणारी शेजारीण, जिला मी खाला म्हणजे मावशी म्हणते, अधूनमधून खाली येऊन बसते. मूळ कोकणातलं कुटुंब, भिवंडीत तीन पिढ्या. तिच्या नवऱ्याचे पूर्वी चार लूम होते. तिला ही वही फार गमतीची वाटायची. लूमच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि डॅमेज कापतो त्याला मेहता म्हणतात. मी वही उघडली की ती आईला म्हणे, "लो, तुझी पोरगी तर मेहताजी झाली. आता तुझ्या रोटीत पण डॅमेज काढणार."

"काढतेच हाय," आई म्हणे. दोघी हसत. मीही हसायचे.

एक प्रसंग सांगायला हवा. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. त्यांच्या तिथीला आईने डझनभर केळी, नारळ आणि पावशेर पेढे आणले. मी कामावरून आले तर ताटात मांडून ठेवलेले. मी दमले होते आणि त्या दिवशी विजेचं बिल आलं होतं.

"आई, हे वहीत नव्हतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या बाला वहीत कुठं मांडू?"

"तसं नाही गं. पण सांगायचं तरी आधी. पेढे कशाला? एक केळं ठेवलं असतं तरी चाललं असतं. असं करत राहिलो तर उद्या तुला काही झालं तर मी कुठून आणू?"

"मना काय होनार न्हाय."

"बाबाही हेच म्हणत होते."

हे मी बोलले. त्यानंतर आईने मला न विचारता काहीही आणलं नाही. मी ते समंजसपणा समजले.

आई गेल्या वर्षी पडली. सकाळचे अकरा वाजले असतील. मी गोडाऊनमध्ये होते, बाहेर एक लांब ट्रेलर मागे घेत होते आणि त्याचा भोंगा वाजत होता, म्हणून खालाचा फोन मला दोनदा ऐकू आला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"बेटा, तू लगेच निघ. तुझ्या आईचं तोंड एका बाजूला गेलंय. मी हाक मारते, तर ती भलतंच बोलतेय. घाबरू नको. निघ फक्त."

मी पळत रस्त्यावर आले. रिक्षा मिळाली. वळहून शहराकडे यायचा रस्ता गोडाऊनच्या गाड्यांनी रोज भरलेला असतो, त्या दिवशीही होता. पुढे कंटेनर, बाजूला कंटेनर, मध्ये आमची रिक्षा. मी पाय खाली टेकवून ताणून बसले होते, जणू तसं केल्याने ती पुढे जाणार होती. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, उड के तो नहीं जा सकता." मी मनात अनामतीची रक्कम मोजत होते. जमली होती. चार दिवसांपूर्वीच पुरी झाली होती. त्या रिक्षात, त्या परिस्थितीत, मला एक क्षण बरं वाटलं की पैसे आहेत.

खाला आणि तिची सून आईला घेऊन दवाखान्यात पोचल्या होत्या. मी खिडकीवर कार्ड दिलं. या वेळी कुणाला काही पुन्हा विचारावं लागलं नाही. आत गेले तर आई पलंगावर होती, डोळे उघडे, उजवा हात चादरीवर तसाच पडलेला. तिने मला ओळखलं. तरुण डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या.

"बी.पी. फार वाढलं होतं. औषध चालू आहे ना?"

"हो. बारा वर्षं होत आली."

"नियमित? रोज?"

"रोज," मी म्हणाले. "चुकत नाही. मी हिशेब ठेवते."

पलंगावरून आवाज आला. शब्द जड होते, पण कळत होते.

"एक दिसाआड."

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. मला वाटलं, तिला भलतं सुचतं आहे. मी म्हणाले, "आई, त्या गोळीबद्दल विचारतायत."

"त्येच सांगतेय," आई म्हणाली. "एक दिस घ्यायची. एक दिस न्हाय."

डॉक्टरीणबाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. मी तिथे उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ते पान होतं, हिरव्या दोन रेघांचं. निम्मी रक्कम. स्वस्त दुकानाने काही निम्मं केलं नव्हतं. नंतर कळलं की आई त्या दुकानात कधी गेलीच नव्हती. गेली बारा वर्षं तिला ओळखणाऱ्या दुकानदाराकडूनच ती पाकीट आणत होती, जुन्याच किमतीला. पंधराचं पाकीट, महिन्याला एक. दर महिन्याला मी तो आकडा माझ्या हाताने लिहीत होते. गोडाऊनमध्ये एक खोकं कमी आलं तर मला लगेच दिसतं.

आई नऊ दिवस तिथे होती. झटका लहान होता, असं सगळे म्हणाले. रोज सकाळी मी जिना चढताना पायऱ्या मोजायची आणि वरच्या पायरीवर थांबायची. आत काय दिसेल ते बघायची हिंमत होत नसे. खाला आधीच आत बसलेली असे आणि आईला चमच्याने पेज भरवत काहीतरी बोलत असे. एक दिवस ती मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली.

"तिला ओरडू नको," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"गोळीचं. मी विचारलं होतं तिला, अगं, रोज का घेत नाहीस. तर म्हणते, आता पगार एकच हाय. मी म्हटलं, बाई, रक्ताला काय माहीत पगार किती. तर हसली. मला वाटलं, तुला सांगेल. मीच सांगायला हवं होतं, बेटा." तिने पदराने डोळे पुसले आणि मग एकदम म्हणाली, "तुम्ही शिकलेले लोक हिशेब करता ना, तेव्हा भीती वाटते तुमच्याशी बोलायला."

आईला मी घरी आल्यावर विचारलं. तिला उशीला टेकवून बसवलं होतं. उजव्या हाताची बोटं अर्धीच मिटत होती.

"आई, तू मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? पगाराला एक पाकीट, त्ये तं ठरल्यालंच हाय. पहिल्या वख्ताला पंधरा दिसांत संपलं. म्हटलं, आता पगाराला अजून पंधरा दिस हायत. मग दुसऱ्या वख्ताला पुरवून पुरवून घेतली."

"पण गोळी रोजची असते गं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?"

"मना ठावं हाय. पन तुझ्या वहीत एकच बसत व्हतं." तिने अर्ध्या मिटलेल्या बोटांनी चादर ओढली. "आनि तू माझ्यासाठीच साठवत व्हतीस. म्हटलं, माझ्याकडून पन काय तरी पडू दे त्याच्यात."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. पाणी वाया जात होतं. बाबा गेल्यानंतर मी तेव्हा पहिल्यांदा रडले, आणि कुणासाठी ते मला नीट सांगता आलं नसतं.

त्या रविवारी मी पेटीतून पट्टी काढली आणि जुन्याच खिळ्यांवर टांगली. आईने खाटेवरून सांगितलं की ती तिरकी आहे, म्हणून दोनदा सरळ केली. माझ्या शाळेच्या खिशाला आता काम नव्हतं, तर आई म्हणाली, "त्याच्यात रिक्षाचं भाडं ठेव. चालत जाऊ नको, पाय बघ तुझं." सात तारखेला पगार झाला की मी निम्मे पैसे काढून आईच्या डाव्या हातावर ठेवते. उरलेले निम्मे बावीस तारखेला. बँकेसाठी मी महिन्याची माणूस आहे, घरात पंधरवड्याची. किराणा घाऊकच येतो, डाळ भिजतेच, बचतीची रक्कम आधीच बाजूला जाते. फक्त टिकल्यांचा खिसा सगळ्यांत आधी भरायचा, बचतीच्याही आधी. आणि वहीत कुठलाही आकडा कमी झालेला दिसला की खूश होण्याआधी तो का कमी झाला हे विचारायचं. मला खर्चाबद्दल कुणी काही विचारलं तर मी एवढं एकच सांगते. बाकी सगळं लोकांना माहीत असतं.

भीती गेलेली नाही. कामावर निघताना मी पाकिटातली रिकामी घरं मोजते. आईला ते कळतं. ती पाकीट आता खिडकीत, उजेडात, पालथं ठेवते, म्हणजे मला हात लावावा लागू नये. तरी रस्त्यात मला वाटतं, गोळी पाकिटातून काढली म्हणजे घेतली असं कुठे आहे? मी परत फोन करते. "घेतली गं बाय," ती म्हणते. "जीभ दाखवू काय फोनमधून?"

गेल्या महिन्यात आमच्या गोडाऊनचं एक मोठं काम सुटलं. सात तारखेला पगार आला नाही. दहाला येईल म्हणाले, मग पंधराला. बचतीला हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं, कारण ती पुन्हा शून्यापासून सुरू केली होती आणि फार थोडी होती. रोज संध्याकाळी घरी येताना मी नाक्यावर थांबायची आणि आईला काय सांगायचं ते ठरवायची. तिला काहीच सांगितलं नाही. पण दहा तारखेला सकाळी खिडकीतल्या पाकिटात एकच गोळी उरलेली मला दिसली. संध्याकाळी बचतीतून पैसे काढायचे, असं ठरवून निघाले. दिवसभर कॉम्प्युटरवर खोक्यांचे आकडे भरताना मला ती एक गोळी दिसत होती आणि आई ती अर्धी मोडताना दिसत होती.

संध्याकाळी औषधांच्या दुकानात थांबून एक पाकीट घेतलं आणि जवळजवळ पळत घरी आले. आई दारात तांदूळ निवडत होती, डाव्या हाताने.

"पगार अडवून ठेवला ना त्यांनी?" ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"सात तारखेला तू माझ्या हातावर काय ठेवलं न्हाय. चाळीस वरसं पगाराची वाट बघितल्यालं बाईमानूस हाय मी. डॅमेज काय कापलं?"

"अख्खा पगारच," मी म्हणाले. "आई, तुझी गोळी... मी आणलीय."

तिने माझ्या हातातलं पाकीट पाहिलं. मग सूप बाजूला ठेवलं, भिंतीला धरून उठली आणि पट्टीपाशी गेली. सातव्या खिशात, ज्याच्यावर खूण नाही त्यात, तिने डावा हात घातला आणि न उघडलेलं एक पाकीट बाहेर काढलं.

"मागच्या पगारालाच दोन आनली," ती म्हणाली. "खाला म्हनली, रक्ताला पगार ठावं नसतो. म्हटलं, खरं हाय."

मी दोन्ही पाकिटं हातात घेतली. कागद फाटलेला नव्हता, सगळी घरं भरलेली होती. तरी मी मोजली. तीस.

"बरोबर हायत काय, मेहताजी?" आई म्हणाली.

मी हो म्हणाले आणि दोन्ही पाकिटं टिकल्यांच्या खिशात ठेवली. मग पुन्हा काढली आणि पुन्हा मोजली.